पुस्तक कोणत्या बाजूनं उघडायचं?

नववीच्या वर्गावर मराठीचा तास होता. मागून दुसऱ्या बाकावरचा मुलगा पाठ्यपुस्तकाच्या आत दुसरं पुस्तक ठेवून वाचत होता. हे ओळखायला शिक्षकाला फार हुशारी लागत नाही. दहा मिनिटं धड्याचं पान उलटलेलं नसतं आणि चेहऱ्यावर मात्र भलतेच भाव येत-जात असतात. मी शिकवता शिकवता त्याच्या बाकापर्यंत गेले आणि हात पुढे केला. त्यानं मुकाट्यानं पुस्तक दिलं. त्याला उर्दू वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, कोपरे नीट दुमडून. शाळेच्या एकाही पुस्तकाला हा मुलगा कव्हर घालत नाही.

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये ते उघडलं. अक्षरं इंग्रजी होती, म्हणून इंग्रजी पुस्तक उघडतो तसं उघडलं. पहिल्याच पानावर सूचना होती. हे शेवटचं पान आहे, तुम्ही चुकीच्या बाजूनं आला आहात, पुस्तक फिरवा आणि उजवीकडून सुरुवात करा, असा तिचा मतलब. मला एकटीलाच हसू आलं. एकोणीस वर्षं उर्दू शिकवणाऱ्या बाईला एक पुस्तक सांगत होतं की उजवीकडून वाच.

हसू फार वेळ टिकलं नाही. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दूही शिकवते आणि मराठीही. दरवर्षी जूनमध्ये पाचवीत नवी मुलं येतात. मराठीची कोरी वही हातात दिली की त्यातली निम्मी तरी ती शेवटाकडून उघडतात, कारण त्यांच्या बाकी सगळ्या वह्या तिकडूनच सुरू होतात. आणि मी दरवर्षी म्हणते, "उलटी धरलीस, सुलटी कर." एकदा आंतरशालेय निबंध स्पर्धेत आमच्या एका मुलीनं अशीच वही उघडली, तेव्हा शेजारच्या बाकावरची मुलं हसली होती. परत येताना ती बसमध्ये एक शब्द बोलली नाही. त्या मुलांचा मला राग आला होता. पण ती जो शब्द बोलून हसली, तोच शब्द मी वर्गात रोज वापरत होते, हे मात्र त्या दिवशी सुचलं नाही.

शाळा सुटल्यावर तो मुलगा पुस्तक मागायला आला. मी विचारलं, "ये उल्टी किताब कहाँ से लाया?" तो खाली मान घालून म्हणाला, "टीचर, उल्टी नहीं है. जापान में सीधी ऐसेच होती है."

पुस्तक होतं 'फुलमेटल अल्केमिस्ट'चा एक खंड. जपानी चित्रकथेला मांगा म्हणतात आणि तिथल्या चलचित्रांना अ‍ॅनिमे, हे मला ऐकून माहीत होतं. आमच्या वर्गातली सात मुलं ते तीन खंड आळीपाळीनं वाचत होती. बाकीची गोष्ट त्यांनी मोबाइलवर अ‍ॅनिमे बघून पुरी केली होती. मी पुस्तक परत दिलं आणि एक अट घातली, की तास सोडून कधीही वाचायचं आणि झालं की मला द्यायचं.

खरं म्हणजे मी या जगात नवखी नव्हते, फक्त मला ते ठाऊक नव्हतं. माझ्या वयाच्या सगळ्यांना १९९३ च्या सुमाराचा रविवार आठवत असेल. दूरदर्शनवर मोगली लागायचा, गुलजारांचं शीर्षकगीत सुरू झालं की गल्ली रिकामी व्हायची आणि शेरखान नाना पाटेकरांच्या आवाजात गुरगुरायचा. ती मालिका निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी कंपनीनं १९८९ साली केलेली. म्हणजे अ‍ॅनिमे बघतच आम्ही लहानाचे मोठे झालो. शब्द आपल्या भाषेत आले, गाणं आपलं आलं, म्हणून मोगली जपानहून आला असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

पण मांगाचं पुस्तक तसं घरचं होऊन येत नाही. त्याची दिशाच वेगळी असते. जपानी लिपी परंपरेनं उभी लिहितात, वरून खाली, आणि ओळी उजवीकडून डावीकडे सरकतात. म्हणून पुस्तकही उजवीकडून उघडतं आणि चित्रांच्या चौकटीही त्याच क्रमानं लावलेल्या असतात. इंग्रजी भाषांतरात गंमत अशी, की चौकटी उजवीकडून डावीकडे बघायच्या आणि फुग्यातली वाक्यं डावीकडून उजवीकडे वाचायची. मला वाटलं, मुलं गोंधळत असतील. ती म्हणाली, यात काय एवढं? मग माझ्या लक्षात आलं. उर्दूत वाक्य उजवीकडून डावीकडे जातं, पण मध्ये १९४७ असा आकडा आला की तो डावीकडून उजवीकडे लिहितात. आमच्या मुलांची नजर पहिलीपासून एका ओळीत दोन्हीकडे फिरायला सरावलेली असते. आमच्या शाळेला लागूनच मराठी माध्यमाची शाळा आहे. तिथली दोन-तीन मुलं भिंतीपाशी येऊन हीच पुस्तकं घेऊन जायची. कोणती चौकट आधी आणि कोणती नंतर, हे सुरुवातीला त्यांना आमच्या मुलांनी दाखवून दिलं, असं मला नंतर कळलं. मराठीच्या बाबतीत आमची मुलं कायम शिकणाऱ्यांच्या बाजूला असतात. इथं एकदा ती शिकवणाऱ्यांच्या बाजूला होती.

पुढचे खंड मी पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाच्याकडून आणले. त्याच्याकडे ही पुस्तकं खोलीभर आहेत. खालाला अचानक मांगा हवेत म्हटल्यावर त्याला इतका आनंद झाला, की खंडांबरोबर त्यानं मला इतिहासही ऐकवला.

तो सांगत होता, पूर्वी ही पुस्तकं अमेरिकेत अशी छापत नसत. कात्सुहिरो ओतोमोचं गाजलेलं 'अकिरा' १९८८ पासून तिथल्या एपिक कॉमिक्सनं काढलं, तेव्हा अमेरिकन वाचकाला सोपं जावं म्हणून पानं आरशात दिसतात तशी फिरवली होती आणि मूळच्या काळ्या-पांढऱ्या चित्रांत रंगही भरले होते. बरीच वर्षं हीच रीत होती. वाचकाची सोय झाली, पण चित्रातल्या माणसांचं काय झालं? उजव्या हातानं जेवणारा डाव्या हातानं जेवू लागला. उजव्या हातातली तलवार डाव्या हातात गेली. किमोनो नेसताना डावा पदर वर येतो. उजवा पदर वर घेतात तो मयताला नेसवताना. पान फिरवलं की चालती-बोलती माणसं मयताच्या कपड्यांत दिसू लागतात. अमेरिकन वाचकाच्या हे लक्षातही येत नसेल. जपानी माणसाला मात्र पहिल्या नजरेत खटकणारच.

यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण हिरोआकी सामुराच्या 'ब्लेड ऑफ द इमॉर्टल'चं आहे. त्यातल्या नायकाचं नाव मांजी, आणि त्याच्या पाठीवर मांजीची खूण आहे, म्हणजे बौद्ध स्वस्तिक. जपानी नकाशांत बौद्ध देवळाची जागा दाखवायला हीच खूण वापरतात. तिचे हात आपल्याकडच्या नेहमीच्या स्वस्तिकाच्या उलट दिशेला वळलेले असतात. पान आरशात फिरवलं असतं तर त्या हातांची दिशा बदलली असती आणि पाश्चात्त्य वाचकाला ती खूण थेट नाझींची वाटली असती. म्हणून डार्क हॉर्स या प्रकाशनानं पानं फिरवली नाहीत. एकेक चौकट कापून तिची जागा बदलली, आतलं चित्र होतं तसंच ठेवलं. किती किचकट काम! एक खूण वाचवण्यासाठी कुणीतरी पानन् पान कात्रीनं कापत बसलं होतं.

मग २००२ च्या सुमारास टोकियोपॉपनं जाहीर केलं, की आम्ही पुस्तकं जपानी दिशेनंच छापणार. पुढे इतर प्रकाशकही त्याच वाटेनं गेले. भाच्याला हा चाहत्यांच्या प्रेमाचा विजय वाटतो. मी त्याला म्हटलं, पानं फिरवायचा खर्च आणि वेळही वाचला असेल की नाही? तो म्हणाला, वाचलाच. पण वाचकांनी पुस्तकं परत केली असती तर काय केलं असतं? त्यांनी परत केली नाहीत. शेवटच्या पानावर ती सूचना छापली आणि लाखो पोरांनी पुस्तक फिरवून धरलं. दहा पानांत डोळे सरावतात.

ही गोष्ट माझ्या मनातून काही केल्या जाईना. त्याचं कारण सांगते. कुठे साहित्याचा कार्यक्रम असला, प्रशिक्षण असलं, की मी बोलून झाल्यावर कुणीतरी आवर्जून जवळ येतं आणि म्हणतं, "तुमचं मराठी किती छान आहे हो! वाटतच नाही." काय वाटत नाही, ते वाक्यात नसतं. माणसं प्रेमळ असतात, मी आभार मानते आणि घरी येते. या मातीत माझ्या किती पिढ्या झाल्या आणि माझ्या घरात कोणकोणत्या भाषा बोलल्या जातात, ते मी दर वेळी सांगत बसत नाही. पण पूर्वीच्या फिरवलेल्या पानांबद्दल ऐकलं तेव्हा मनात आलं, मीही अशीच आरशातून छापली जाते की काय? समोरच्याची सोय होते, चित्र नीट दिसतं, फक्त जेवणारा हात बदललेला असतो.

खैर. मी सत्तावीसच्या सत्तावीस खंड वाचले. हिरोमु अराकावा या लेखिकेनं २००१ ते २०१० या काळात ही मालिका लिहिली आणि रेखाटली. दोन भाऊ मेलेल्या आईला किमयेनं परत आणायला जातात. त्यात एकाचा हात-पाय जातो आणि दुसऱ्याचं सगळं शरीरच. इथून गोष्ट सुरू होते. पण आमच्या मुलांचा वाद या भावांवरून नव्हताच. वाद होता इश्वलवरून.

इश्वल हा अमेस्ट्रिस नावाच्या देशाचा पूर्वेकडचा रखरखीत भाग. तिथल्या लोकांचा रंग सावळा, डोळे लाल, देव वेगळा. एका सैनिकाच्या गोळीनं तिथलं एक मूल मरतं, त्यातून सात वर्षांचं युद्ध पेटतं आणि शेवटी किमयागारांच्या पलटणी पाठवून इश्वल बेचिराख केलं जातं. त्यातून वाचलेला एक माणूस सूड घेत फिरतो. कपाळावर मोठा व्रण, म्हणून त्याला स्कार म्हणतात.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मुलं व्हरांड्यात बसून भांडायची. मीही त्यांच्यात बसू लागले. भांडण जुन्या आणि नव्या अ‍ॅनिमेचं होतं. कारण या गोष्टीची दोन अ‍ॅनिमे आहेत. पहिलं २००३ चं, ५१ भागांचं. तेव्हा मांगा पुरा झालेला नव्हता, म्हणून त्यांनी पुढची गोष्ट स्वतः रचली. दुसरं 'ब्रदरहूड', २००९ चं, ६४ भागांचं, मांगाच्या वाटेनं शेवटपर्यंत गेलेलं. (ज्यांना बघायचं आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालतील.)

जुन्यात स्कार हजारो सैनिकांना घेऊन मरतो. नव्यात तो जगतो. जुन्यात विनरी या मुलीच्या डॉक्टर आईवडिलांना एक लष्करी अधिकारी हुकमावरून गोळ्या घालतो. मांगात आणि नव्यात त्यांना मारणारा स्कारच असतो. शत्रूच्या देशातले असून ते इश्वलींवर उपचार करत होते, त्यांनी त्यालाही वाचवलं होतं. शुद्धीवर येताच समोर त्या रंगाची माणसं दिसली आणि त्यानं त्यांना मारलं. विनरीला हे कळतं तेव्हा तिच्या हातात पिस्तूल येतं, पण ते तिच्यानं झाडवत नाही. पुढे बर्फाळ उत्तरेत ती त्याच्या जखमी हाताला पट्टी बांधते आणि बजावते, की मी तुला माफ केलेलं नाही. माझे आईवडील असते तर त्यांनी हेच केलं असतं, एवढंच.

कव्हरवाला मुलगा जुन्याच्या बाजूचा. "टीचर, पुराना वाला सच्चा है. नये में स्कार को ही गुनहगार बना दिया." एक मुलगी नव्याच्या बाजूची. ती म्हणायची, जुन्यात स्कार मेला की गोष्ट सोपी होते, सगळे रडून घरी जातात. नव्यात त्याला केलेल्याचं ओझं घेऊन जगावं लागतं. पंधरा वर्षांची मुलगी हे बोलत होती.

भिंतीपलीकडच्या शाळेतला एक मुलगाही एकदा येऊन बसला होता. कुणीतरी म्हणालं, इश्वली म्हणजे आपलेच लोक. तो म्हणाला, नाही, ते ऐनू आहेत, मी वाचलंय. त्याचं खरं होतं. अराकावा जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदोतल्या, दूधधंदा करणाऱ्या शेतकरी घरातल्या. ते बेट १८६९ साली जपान सरकारनं रीतसर ताब्यात घेतलं, बाहेरून शेतकरी आणून वसवले आणि तिथल्या मूळच्या ऐनू लोकांची जमीन, शिकार, भाषा हळूहळू गेली. कायद्यात त्यांना मूळ रहिवासी म्हणायला २०१९ साल उजाडलं. आपण त्या वसाहत करणाऱ्यांच्या वंशातल्या आहोत हे अराकावांनी लपवलेलं नाही आणि इश्वल रचताना ऐनू मनात होते, असं त्यांनी सांगितलेलं आहे. युद्धाचे प्रसंग लिहिण्याआधी त्या महायुद्धात लढून आलेल्यांनाही भेटल्या होत्या.

मुलं माझ्याकडे बघू लागली. निकाल टीचरनं द्यायचा असतो. मला पटकन म्हणता आलं असतं, की बरोबर आहे, जपानची गोष्ट आहे, आपला काय संबंध, चला घरी. तोंडावर आलंही होतं. अशा वेळी आम्ही शिक्षक हेच करतो. मुलं घरी मोबाइलवर काय बघतात, टीव्हीवर काय ऐकतात, ते आम्हाला माहीत असतं आणि वर्गात ते येऊ नये म्हणून आम्ही खिडक्या लावून घेतो. पण या मुलांनी माझ्यासमोर मनातलं बोलायला एक जागा शोधली होती, तीही दोन समुद्रांपलीकडे. ती मी बंद करणार होते. मी म्हटलं, "दोघांचंही खरं असू शकतं. ज्यानं लिहिलं त्याच्या मनात एक असतं, वाचणाऱ्याला त्यात आपलं घर दिसतं. पण आपलं घर दिसलं म्हणून त्यांचं घर पुसायचं नाही." पलीकडचा मुलगा मान हलवून बसला, उठून गेला नाही.

मग त्या मुलीनं माइल्सचं नाव काढलं. हा लष्करातला अधिकारी, आजोबा इश्वली. डोळे लाल म्हणून काळा चष्मा लावतो. ज्या लष्करानं त्याच्या लोकांना संपवलं त्याच लष्करात राहतो, कारण आतून काही बदलता येईल असं त्याला वाटतं. जुन्या अ‍ॅनिमेत तो नाहीच. शेवटी तोच स्कारला इश्वल पुन्हा उभारायला बोलावतो. कव्हरवाला म्हणाला, माइल्स डरपोक आहे, चष्मा लावतो. ती म्हणाली, काढतो पण. आणि अचानक माझ्याकडे वळून, "टीचर, आप कौन? स्कार या माइल्स?"

मला उत्तर आलं नाही. 'किती छान मराठी' म्हणणाऱ्यांना हसून आभार मानणारी मी डोळ्यांसमोर आली. मी म्हटलं, "चष्मा तर मलाही आहे." सगळे हसले. त्या दिवशी एवढ्यावर निभावलं.

या गोष्टीला आता वर्ष होईल. मोठा बदल काही झाला नाही. जूनमध्ये पाचवीत एका नव्या मुलानं मराठीची वही शेवटाकडून उघडली. मी त्याला म्हटलं, "ही उर्दूची बाजू. मराठीची बाजू ही." त्यानं वही फिरवली आणि लिहू लागला. मुलाला काही फरक कळला नाही, तो कळायची गरजही नाही.

कव्हरवाला आता दहावीत आहे. घटक चाचणीत 'माझे आवडते पुस्तक' असा निबंध आला होता. बाकीच्यांनी पाठ केलेलं लिहिलं. यानं त्याच खंडावर दोन पानं भरली होती. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ओळीओळीला. स्कारची बाजू त्यानं सोडलेली नाही, जुन्याचा शेवटच त्याला अजून आवडतो. पण शेवटचं वाक्य असं होतं: विनरीने माफ केले नाही तरी पट्टी का बांधली हे मला अजून कळले नाही, म्हणून मी ते पान परत परत वाचतो.

लाल पेननं मी वेलांट्या दुरुस्त केल्या. त्या वाक्याला मात्र पेन लावलं नाही.